पोकुआच्या लग्नाची टॅक्सी

"बंद करा, मामा, बंद करा! कानाचे पडदे फाटतील!" मेकॅनिक अडोमाको दोन्ही हात हलवत ओरडला.

डोन्कोरमामांनी चावी फिरवली आणि इंजिनासोबत ती किंकाळीही थांबली. आठवडाभर सकाळी टॅक्सी सुरू झाली की अख्खी गल्ली जागी होत होती.

अडोमाकोने बॉनेटखाली वाकून एक पुली हलवून दाखवली. "बेल्ट ओरडतोय, पण दुखणं त्याचं नाही. वॉटर पंपाचं बेअरिंग गेलंय. पुली कशी डुलतेय बघा. पंप, बेल्ट, रोलर, सगळंच बदलावं लागेल. गाडी सोमवारपर्यंत ठेवा." मग त्याने आकडा सांगितला.

"काय? अरे, एवढ्यात माझ्या घरावर नवे पत्रे येतील!"

"पत्रा गळला तर डोकं भिजेल, मामा. पंप अडकला तर इंजिन जाईल."

"उद्या लग्न आहे! पोकुआचं! सोमवारपर्यंत ठेवून काय करू?"

पोकुआ याच टॅक्सीच्या मागच्या सीटवर जन्मली होती. बाजाराच्या चौकात गाड्या तुंबलेल्या, तिची आई अफ्राकोमा कळा देत ओरडत होती आणि मामा रस्त्यात उभे राहून कोणी जाणती बाई आहे का म्हणून हाका मारत होते. शेवटी टोमॅटो विकणारी एक म्हातारी धावत आली आणि पोर सुखरूप हाती आली. तेव्हापासून त्या घरात मामांशिवाय कार्य झाले नव्हते. आता नवऱ्याकडचे लोक लांबलचक पांढरी गाडी पाठवतो म्हणाले, तर पोकुआने साफ सांगितले, "मी ज्या गाडीतून आले, तिच्यातूनच जाणार." मामांनी सीटला नवी कव्हरे शिवून घेतली होती. गाडीच्या चाकांवरचे, पुढचे-मागचे नारिंगी पत्रे पुन्हा रंगवले होते.

मामांनी अडोमाकोच्या शेडमधली चकचकीत फरशी पाहिली, टेबलावरचा कॉम्प्युटर पाहिला. या फरशीचे पैसे हा माझ्याकडून काढतोय, असे त्यांच्या मनात आले. ते तडक तीन गल्ल्या पलीकडे, झाडाखाली हत्यारे मांडून बसणाऱ्या बाफोकडे गेले. तो त्यांचा जुना दोस्त.

"बेल्ट झिजलाय, दुसरं काही नाही," बाफो हसून म्हणाला. "पोरगं लुटायला बसलंय तुला."

नवा बेल्ट चढला. इंजिन सुरू झाले आणि आवाज नाही! मामांनी बाफोला मिठीच मारली. घरी जाताना मोठमोठ्याने गात गेले.

दुसऱ्या दिवशी कुमासी शहराच्या रस्त्यांवरून ती टॅक्सी पांढऱ्या फिती फडकवत निघाली. पुढे मोटारसायकली, मागे पाहुण्यांच्या गाड्या, सगळ्यांचे भोंगे एकदम चालू. मागच्या सीटवर पोकुआ आणि तिची आई.

"मामा, आज गाडी गप्प कशी?" पोकुआने विचारले.

"नवरीसमोर लाजतेय," मामा म्हणाले आणि तिघेही खळखळून हसले.

चर्चचा चढ लागला. अर्ध्या चढावर बॉनेटखाली खडखड झाली, रबर जळल्याचा वास आला, धाडकन काहीतरी तुटले आणि समोर वाफेचा लोट उठला. मामांनी इंजिन बंद करून करकचून ब्रेक लावला.

"चर्च तर दिसतंय की! तशीच दामटा ना," अफ्राकोमा म्हणाली.

"इंजिन जळेल, ताई." मामा मागे वळले. "पोकुआ, बाळ, मागच्या गाडीत जाऊन बस. माझंच चुकलं. सांगणाऱ्याने सांगितलं होतं."

"मी उतरणार नाही." पोकुआने काच खाली केली, फुलांसकट डोके बाहेर काढले आणि गर्जली, "अरे, बघताय काय? ढकला!"

नवरीचे भाऊ कोट काढून धावले. केंटेच्या रंगीबेरंगी कापडाची वस्त्रे नेसलेल्या मावश्यांनी पायातले जोडे काढून हातात घेतले आणि उरलेला हात गाडीला लावला. रस्त्याकडेला मक्याच्या पिठाची केंकी उकडून विकणारी बाई पातेले तसेच टाकून आली. कोणीतरी गाणे धरले, बाकीच्यांनी उचलले. टॅक्सी वीतभर हलली, मग हातभर, मग चालूच लागली. तेवढ्यात चर्चच्या दारातून खुद्द नवरदेव उतारावरून पळत आला आणि त्याने मागे खांदा लावला.

"हा कसला जावई!" एक मावशी किंचाळली. "लग्नाआधीच घाम गाळायला लागला!"

"सवय होऊ दे, सवय!" दुसरीने री ओढली.

मामा स्टीअरिंग घट्ट धरून बसले होते. हसत होते आणि डोळ्यांतले पाणी गळ्यापर्यंत ओघळत होते. चर्चच्या पायऱ्यांशी त्यांनी टॅक्सी अशी हळुवार लावली की नवरीच्या झग्याची घडीही हलली नाही. मग उतरून त्यांनी दार उघडले, आणि सगळा चढ टाळ्यांनी दणाणून गेला.

संध्याकाळी टॅक्सी दोरीला बांधून ओढत अडोमाकोकडे आणली. तो शेड बंद करत होता.

"तू खरं बोलत होतास," मामा म्हणाले. "मी तुला चोर समजलो."

"फरशी बघून सगळेच समजतात, मामा." त्याने बॉनेट उघडले, तेलाचे झाकण काढले. झाकणाखाली पांढरा फेस होता, तेलात पाणी शिरल्याची खूण. "इंजिन वाचेल का, ते उघडल्याशिवाय नाही सांगता येणार."

मामांना तो सूर कळला. त्यांनी चावी अडोमाकोच्या तळहातावर ठेवली.

रस्त्यावर येऊन त्यांनी एक टॅक्सी थांबवली. सवयीने स्टीअरिंगच्या बाजूला गेले. तिथे एक अनोळखी तरुण बसला होता. मामा वळसा घालून पलीकडच्या सीटवर बसले.

"कुठे जायचं, बाबा?"

उभ्या आयुष्यात हा प्रश्न ते इतरांना विचारत आले होते. क्षणभर त्यांना आपल्या घराचा पत्ता आठवेना. मग त्यांनी तो सांगितला, लग्नाचा कोट सारखा केला आणि ताठ बसले. गाडी निघाली. प्रत्येक वळणाआधी त्यांचा उजवा पाय पायपुसण्यावर हलकेच दाबला जात होता.