अडीच भागिले पाव

आठवीच्या वर्गात सकाळी दप्तरांतून जेमतेम पाच बटाटे निघाले आणि गणिताच्या सरांनी कपाळाला हात लावला.

झालं असं, की यंदा शाळेत नवा प्रयोग चालू होता. धडा घरी मोबाइलवर बघायचा, गणितं वर्गात सोडवायची. सरांना हे भलतंच आवडलेलं. फळ्यासमोर घसा कोरडा करण्यापेक्षा पोरांच्या बाकावर घुसून बसता यायचं. कुणी किती बघितलं ते ॲप दाखवायचं. सगळ्यांच्या नावापुढे हिरवी टिक, शंभर टक्के! मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई, हरखल्या होत्या. निकालात हेच टक्के धरायचे, असं त्यांनी ठरवूनही टाकलं. आज शिक्षण खात्यातले वरचे साहेब बघायला येणार होते. पटलं तर प्रयोग चालू, नाहीतर पुन्हा खडू, फळा आणि तीन तासांचा पेपर.

पण शंभर टक्के बघून पोरं अपूर्णांकात गटांगळ्या का खातात? सरांना वास आला. कालच्या व्हिडिओत मधेच, तोंड एकदम गंभीर ठेवून, ते म्हणाले होते, "उद्या येताना घरून एक बटाटा आणा."

"बाकीच्यांनी काय दिवे लावले?" सरांनी विचारलं.

"व्हिडिओ चालू ठेवून जेवायला बसलो, सर," एक पोरगा म्हणाला.

सर पहिल्या बाकावरच्या बटाटेवाल्याकडे वळले. "आणि तू? बटाटा आणलास, शाब्बास! सांग, अडीच भागिले पाव?"

"ते आजीला येतं, सर. रोज तीच बघते. तीच म्हणाली, बटाटा ने."

वर्ग खो खो हसला. सरही हसले. टिक खोटी, बटाटाही खोटा!

"दहा," मागच्या बाकावरून आवाज आला. कायम तोंडातल्या तोंडात बोलणारी, म्हणून वर्गातली पुटपुटी. तिच्याकडे बटाटा नव्हता.

"तुझा कुठाय गं?"

"घरातले संपले होते."

तेवढ्यात मोठ्या बाई साहेबांना घेऊन आल्या. "शंभर टक्के, साहेब!"

सर गप्प बसले असते तर सगळं गोड झालं असतं. पण जिभेला हाड नाही. "ते मोबाइलचे टक्के, साहेब. पोरांचे नाहीत."

बाईंनी असे डोळे वटारले की पोरांनीच माना खाली घातल्या.

"मग पोरांचे कसे कळणार?" साहेबांनी विचारलं.

"बसा बाकावर." सरांनी पुटपुटीला पुढे बोलावलं. "ही तुम्हाला शिकवेल. तुम्हाला आलं तर मार्क हिला. नाही आलं तर हिचे गेले."

साहेब गुडघे आवळून बसले. अडीच भागिले पाव. "भागाकार ना? मग अडीचपेक्षा कमीच येणार."

"व्हिडिओ बघून आलात का?" पुटपुटीनं विचारलं.

"मला कुणी पाठवलाच नाही!"

"बरं. अडीच लिटर दूध आहे. माप पाव लिटरचं. किती वेळा भरेल?"

साहेबांनी बोटांवर मोजलं, पुन्हा मोजलं. "दहा? अरेच्चा, दहा!" ते उठायला लागले.

"बसा. एकदा चुकूनही बरोबर येतं. दीड भागिले अर्धा. आणि का, तेही सांगा."

साहेब मुकाट बसले. "तीन. कारण दीडमध्ये अर्धा तीनदा मावतो."

मग बाईंकडे वळून म्हणाले, "टक्के निकालातून काढा. हे असं शिकवणं चालू ठेवा."

"पण मग निकालात लिहायचं काय?" बाई रडवेल्या.

साहेब पुटपुटीकडे बघून म्हणाले, "आधी हिला विचारू द्या, मी पास का?"