गाडीच्या वाट्याचं पाणी

एकाच उन्हाळ्यात कोस्तादिनची निळी गाडी तिसऱ्यांदा अंगणात शिरली, तेव्हा स्तामेनने हातातला पाना खाली ठेवला आणि द्राक्षाच्या मांडवाखाली नुसता बसून राहिला. वय अठ्ठावन्न. त्यातली चाळीस वर्षं लोकांच्या गाड्यांखाली आडवं पडण्यात गेलेली. आता गुडघे कुरकुरत होते, कंबर धरली होती, आणि हा म्हातारा उतरल्या उतरल्या काय म्हणणार तेही पाठ झालं होतं.

"तू बसवलेला पार्ट खोटा," कोस्तादिन म्हणाला.

"ये दादा. बस आधी."

ऑगस्टचं ऊन, आणि त्यात गाडीचा हीटर पूर्ण सोडलेला. इंजिन तापायला लागलं की हीटर लावून ती धग आपल्या अंगावर घ्यायची, ही या डोंगरातल्या प्रत्येक ड्रायव्हरची जुनी युक्ती. कोस्तादिन घामाने निथळत होता. मागच्या सीटवरून त्याची बायको वेलिका उतरली. चेहरा पांढराफटक, डाव्या दंडाला पट्टी. तिने कुणाकडे पाहिलं नाही. मांडवाखालच्या बाकावर जाऊन बसली आणि पाण्याचे दोन कॅन पायाशी ठेवले.

कोस्तादिनने स्तामेनला बॉनेटच्या आड ओढलं. "काल सोमवार. चढावर उकळली. दोन तास रस्त्याच्या कडेला बसलो. दवाखान्यात पोचेपर्यंत तिचं मशीन दुसऱ्याला दिलेलं. शेवटी निम्माच वेळ मिळाला."

वेलिकाच्या किडन्या दोन वर्षांपूर्वी गेल्या होत्या. सोमवार, बुधवार, शुक्रवार, घाट ओलांडून शहरात जायचं, चार तास मशीनला जोडून पडायचं आणि परत यायचं. गावात टॅक्सी एकच, आणि तिचा मालक जर्मनीत शेतमजुरीला गेलेला.

"गाडी करू नीट," स्तामेन म्हणाला.

"गाडीचं नाही रे. ती म्हणते, आता बस झालं. देवानेच थांबवलं म्हणते, ही खूण आहे. उद्या बुधवार. ती उठलीच नाही तर मी काय करू?"

स्तामेनने इंजिन सुरू केलं. निदान ते तरी त्याला कळत होतं.

सगळ्यात मोठी भीती इंजिनच्या हेडखालचं गॅस्केट गेल्याची होती. ते गेलं असतं तर गाडी भंगारात. त्याने तेल पाहिलं, त्यात पाणी मिसळलेलं नव्हतं. पाण्याच्या टाकीत बुडबुडे नव्हते, मागून पांढरा धूर नव्हता. काटा मात्र भराभर वर चढत होता. मग त्याने रेडिएटरकडे जाणाऱ्या वरच्या नळीला हात लावला. इंजिन रटरटतंय आणि नळी गार. म्हणजे तापलेलं पाणी आतच अडकलंय. पाणी तापलं की दार उघडून त्याला रेडिएटरकडे गार व्हायला सोडायचं, एवढंच थर्मोस्टॅटचं काम, आणि ते दार उघडत नव्हतं. जूनमध्ये नवा बसवला होता, जुलैत पुन्हा नवा. खरं तर जुलैतच प्रश्न पडायला हवा होता, पण अंगणात चार गाड्या उभ्या होत्या, त्याने कंटाळून जुना न बघताच फेकून दिला होता. चूक त्याचीही होतीच.

इंजिन निवायला तास गेला. मग त्याने थर्मोस्टॅट काढला आणि सवयीप्रमाणे कॉफीच्या तांब्याच्या भांड्यात पाणी उकळत ठेवून त्यात सोडला. पाणी खदखदायला लागलं, तरी दार बंदच. चिमट्याने बाहेर काढला तर अंगावर पांढरी खरबरीत खपली. तीच खपली भांड्याच्या आतल्या बाजूलाही होती. भांड्यात वर्षानुवर्षं कुठलं पाणी उकळतंय, हे स्तामेनला कुणी सांगायला नको होतं. चौकातल्या गरम झऱ्याचं. सगळं गाव तेच पितं, पोटाला चांगलं म्हणून परगावचे लोकही कॅन भरून नेतात.

"दादा, टाकीत काय ओततोस?"

"पाणी."

"मी कूलंट दिला होता."

कोस्तादिन आपल्या बुटांकडे बघत राहिला. "चाळीस वर्षं ती रोज सकाळी झऱ्यावर जाते. दोन कॅन आणते. आता डॉक्टरने तिला दिवसाला दोन पेले ठरवून दिलेत, पण ती जातेच. एवढं एकच काम तिला उरलंय. तेवढं पाणी मी एकटा कुठे पिणार? आणि मोरीत ओतायला हात धजत नाही रे. म्हणून गाडीत ओततो. तिला बरं वाटतं. म्हणते, मी नाही तर गाडी तरी पिऊ दे." मग हळूच म्हणाला, "तिला सांगू नकोस."

न सांगणं सोपं होतं. नवा थर्मोस्टॅट बसवायचा, म्हाताऱ्याला दम द्यायचा, आणि तिला काहीतरी थाप मारायची. पण मग देवाची ती खूण तशीच राहिली असती. शिवाय स्तामेनला आता खोटं बोलण्याचाही कंटाळा आला होता. तो थर्मोस्टॅट घेऊन मांडवाखाली गेला आणि तिच्या तळहातावर ठेवला.

"वहिनी, गाडी यानं उकळली. झऱ्याच्या पाण्यातला चुना. यावर बसला आणि दार जाम झालं."

वेलिकाने तो उलटा सुलटा करून पाहिला. नखाने खपली खरवडली.

"म्हणजे काल मला देवाने थांबवलं नाही."

"नाही वहिनी. चुन्याने."

"मी आणलेल्या पाण्यातल्या."

"हो."

कोस्तादिनने मान फिरवली. वेलिका ती पांढरी भुकटी बोटांत चोळत बसली.

"काल रात्री मी देवाचे आभार मानले रे," ती म्हणाली. "म्हटलं, सोडवलंस. फार थकलेय मी, स्तामेन."

"माहीत आहे."

"तुला काय माहीत?"

खरंच स्तामेनला माहीत नव्हतं. गुडघे दुखणं वेगळं.

"आता त्याने सोडवलंच नाही तर मी कोणाच्या नावावर घरी बसू?" तिने थर्मोस्टॅट त्याला परत दिला. "कधी होईल गाडी?"

"लिंबूसत्त्वाने आतून धुवायला लागेल. संध्याकाळी देतो."

ती बाकाला धरून उठली. एक कॅन उचलून तिने त्याच्या भांड्याशेजारी ठेवला, दुसरा नवऱ्याच्या हातात दिला आणि म्हणाली, "हा घरी जाऊन टोमॅटोंना घाल. आणि पहाटे पाचला उठव मला. नाही म्हटलं तरी उठव."