रानाचा पन्हा

चारी बांध बराबर निघाले तेव्हा तातेरावांनी दोरी गुंडाळून खांद्यावर टाकली आणि वाटणी झाली असं सांगून टाकलं. दोनशे हात लांब, सव्वाशे हात रुंद. वरचा तुकडा तेवढा, खालचाही तेवढाच. पंच म्हणून आलेल्या ग्यानबांनी मान डोलावली. धाकटा भाऊ रामकिशन नुसतं "व्हय दादा" म्हणाला. बांधावरच्या लिंबाखाली आठ महिन्यांच्या गोदीला मांडीवर घेऊन बसलेल्या निर्मलेनं, रामकिशनच्या बायकोनं, ते ऐकलं आणि तिच्या कानशिलातली शीर उडायला लागली.

कारण तिला दिसत होतं. चैत्रात रान मोकळं असतं, कुठं काही लपत नाही. वरचा तुकडा देवघरातल्या पाटासारखा सरळ होता. खालचा नाल्याच्या कडेनं गेलेला, आणि नाला जसा तिरपा तसे त्याचे दोन्ही आखूड बांध तिरपे. कुणीतरी चांगल्या पाटाला लाथ मारून कलता केलेला असावा तसा. बांध तेवढेच लांब, पण आतली जमीन दबून गेलेली. आणि हा दबलेला तुकडा तिच्या घरचा होता. गोदीच्या तोंडचा होता.

त्या मुलखातली रीत तशी चोख. थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा, म्हणजे पाडणाऱ्याचा हात वाकडा पडत नाही. कुण्या शहाण्या माणसानं घालून दिलेली रीत. पण तिच्यावर नंतरच्या लोकांनी शिष्टाचाराचा लेप चढवला होता. उचलायची वेळ आली की धाकट्यानं खाली बघायचं आणि म्हणायचं, दादा, तुमीच द्या. रामकिशननं तेच केलं. तातेराव म्हणाले, नाल्याकडचा घे, ओल धरतो. झालं. उद्या शनिवारी सकाळी पटवारी येणार, अंगठे उठणार, आणि पुढच्या सात पिढ्या त्या कलत्या तुकड्यावर बराबर वाटा मिळाला म्हणून नांगर धरणार.

निर्मलेचा राग थोरल्या दिरांवर होताच. पण तो निदान सरळ राग होता. नवऱ्यावरच्या रागाला कुठून धरावं तेच तिला कळेना. कारण रामकिशन हिंगोलीला हायस्कूलच्या पोरांना भूमिती शिकवायचा.

शिकवायचा म्हणजे उर्दूतून. निजामाच्या राज्यात हायस्कूलचं सगळं शिक्षण उर्दूतूनच चालायचं, आणि खेड्यापाड्यांतून आलेली पोरं मुसल्लस, जाविया, दायरा असे शब्द मंत्रासारखे पाठ करायची. आकृती जरा फिरवून दिली की बावरायची. निर्मला अमरावतीची. तिचे वडील तिथं मास्तर, त्यांनी हट्टानं तिला दोन वर्षं कॉलेजात धाडलेली. लग्न होऊन शिरड शहापूरला आल्यावर नवरा दर गुरुवारी सांजच्या मोटारीनं घरी यायचा, शुक्रवारची सुट्टी काढून परत जायचा, आणि पोरांना काही समजत नाही म्हणून कुरकुरायचा. तेव्हा तिनं एक वही केली. पहिल्या रकान्यात शाळेतला शब्द, दुसऱ्यात मराठी. मुसल्लस, त्रिकोण. जाविया, कोन. दायरा, वर्तुळ. कायमा जाविया, काटकोन. मुतवाजी, समांतर. इर्तिफा, उंची. शेजारी सुबक आकृत्या. पोरं ती वही उतरवून घेत, आणि मास्तरांची वही म्हणून ती वर्गावर्गांतून फिरे. तिसरा रकाना तिनं गावच्या शब्दांसाठी मोकळा ठेवला होता. तो जवळजवळ कोराच होता. तीन वर्षं झाली तरी गाव तिच्याशी मोजून मापूनच बोलत होतं.

दुपारी नवऱ्याला वाढताना तिनं सरळ विचारलं, की समांतरभुज चौकोनाचं क्षेत्रफळ पोरांना कसं काढायला सांगता. तो भाकरी मोडता मोडता थांबला. पाया गुणिले उंची, असं म्हणाला, आणि पुन्हा भाकरीकडं बघायला लागला.

"मग सकाळी उंची कुणी मोजली?"

"हळू बोल. दादा ओसरीवर आहेत."

"तुम्हाला दिसलं होतं की नव्हतं, एवढंच सांगा."

त्यानं सांगितलं नाही. दादांनी आपल्याला शिकवलं, आपल्या फीसाठी वहिनीच्या पाटल्या मोडल्या, आता चार हात जमिनीसाठी त्यांच्यापुढं तोंड वर करू का, असं काहीबाही बोलत राहिला. ती म्हणाली, चार हात नाहीत, अंदाजे सहावा हिस्सा जातोय, आणि तुमचे दादा काही दुधखुळे नाहीत, त्यांना पुरतं ठाऊक असणार. यावर तरी तो नाही म्हणेल असं तिला वाटलं होतं. त्यानं तोंडात मिठाची गुळणी धरली. तिनं आमटीचं भांडं असं आदळलं की पाळण्यातली गोदी दचकून रडायला लागली.

अंगणात सटवाजी सुतार काम करत होता. वाटणी म्हटली की दुसरी चूल, आणि दुसरी चूल म्हटली की भिंत फोडून दुसरं दार, धुराला एक खिडकी. खिडकीची चौकट जुळवून तयार होती. चारी कोपरे एकमेकांत बसवलेले, पण पाचरी अजून मारल्या नव्हत्या. म्हणून चौकट हलू नये यासाठी त्यानं एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात एक तिरपी पट्टी ठोकून ठेवली होती. निर्मला लेकराला खांद्यावर थोपटत दारात आली आणि त्या पट्टीकडं बघत राहिली. तिच्या वहीत त्या पट्टीला कर्ण म्हणत.

ओसरीवर तातेराव आणि ग्यानबा सुपारी कातरत बसले होते. सासू, चतुराबाई, खांबाला टेकून वाती वळत होती. थोरल्या दिरांशी समोरासमोर बोलायची सुनेला चाल नव्हती. बोलायचंच असलं तर कुणालातरी मध्ये घालून बोलावं लागे. निर्मलेनं पदर नीट केला.

"सटवाजीमामा, ही पट्टी काढली तर काय होईल?"

"काय व्हतंय वहिनी, चौकट गुण्यातून जाईल." त्यानं हातातला लोखंडी गुण्या कोपऱ्यात टेकवून दाखवला. दोन पाती, बरोबर काटकोनात. "आत्ता बघा, गुण्यात हाय. पट्टी काढली की बसली पाय पसरून."

"काढा बरं."

सटवाजीनं ओसरीकडं बघितलं. तातेराव हसले. म्हणाले, काढ बाबा, मास्तरीनबाईची मर्जी. ग्यानबा म्हणाले की दुसरं घर व्हायच्या आधीच हुकूम सुटून राहिले. निर्मलेनं ते ऐकून घेतलं. घरातून गोणपाट आणून अंगणात अंथरलं, त्यावर चौकट आडवी ठेवायला लावली, आणि कणगीतली ज्वारी पायलीनं मोजून तिच्यात ओतली. तीन पायल्यांत चौकट काठोकाठ भरली. फळीनं तिनं वरचे दाणे सपाट केले. चतुराबाईच्या वाती वळायच्या थांबल्या. पेरणीपुरतं राखलेलं धान्य होतं ते, आणि सून त्याचा खेळ मांडून बसली होती.

मग तिनं खांद्यावरच्या गोदीला पुढं धरलं. "गोदे, थोरल्या बाबांना सांग, ही चार लाकडं मोजून घ्या म्हणावं. मागून कुणी लांबी बदलली असं म्हणायला नको."

आता कुणी हसलं नाही. ग्यानबांनी उठून विती घातल्या. समोरासमोरची लाकडं बराबर.

"सटवाजीमामा, आता एका अंगानं दाबा. नाल्याकडचं रान जेवढं कललंय तेवढं."

सटवाजी त्या रानावरून रोज येत जात होता. त्यानं गुडघा टेकवला आणि एका कोपऱ्याला रेटा दिला. चौकट कुरकुरली, कलली. ज्वारी आधी नुसती फुगल्यासारखी वर आली, मग काठावरून दोन्ही अंगांनी गोणपाटावर ओघळायला लागली. सटवाजी थांबला तेव्हा निर्मलेनं पुन्हा फळी फिरवली. आणखी दाणे सांडले.

"आता पुन्हा विती घाला, ग्यानबाकाका. लाकडं तीच आहेत. आतलं धान्य कुठं गेलं ते विचारा घरातल्या कर्त्यांना."

तिचा आवाज चढला होता. तिला तो चढवायचा नव्हता, पण सकाळपासून जे दाबून धरलं होतं तेही त्या दाण्यांसारखंच काठावरून सांडत होतं. चतुराबाई एक शब्द न बोलता उठली. सांडलेली ज्वारी तिनं सुपानं गोळा केली आणि अधोलीत भरली. अधोली म्हणजे अर्धी पायली. माप शिगेला टेकलं. म्हातारीनं ते तातेरावांच्या पायाशी नेऊन ठेवलं.

"तिनातली अर्धी गेली, तात्या."

तातेराव ओसरीवरून खाली आले. चौकटीशी उकिडवे बसले. लाकडांवरून हात फिरवला, एकदा चौकट स्वतःच्या हातानं सरळ केली, पुन्हा कलती केली. निर्मला बघत होती की आता हे कोणतं निमित्त काढतात. तिची उत्तरं तयार होती. ओल धरतो म्हणाले तर हे, खत टाकलंय म्हणाले तर ते.

पण तातेराव तिच्याकडं वळलेच नाहीत. दारात उभ्या असलेल्या भावाकडं बघून म्हणाले,

"रामकिशन, हे तुला ठाऊक व्हतं?"

रामकिशननं उंबऱ्यावरचा पाय मागं घेतला.

"पोरांना शिकवतू ना तू हेच? मला अडाण्याला कसं कळावं? आपल्या बापानं बांध मोजले, आज्यानं बांध मोजले. चारी बांध बराबर म्हंजे रान बराबर, एवढंच आमाला ठाऊक. नाल्याकडचा तुला दिला तो ओलीचा म्हनून दिला. चांगला म्हनून दिला." त्यांनी चौकटीवर हात आपटला. "तुला ठाऊक व्हतं का न्हाई?"

"व्हय."

"कवा?"

"दोरी टाकली तवाच."

"मंग बोलला काहून न्हाई?"

"तुमचा मान..."

"माझा मान!" तातेराव ताडकन उठले. "उद्या अंगठे उठले असते. चार वर्सांनी तुझी लेक मोठी झाली असती, तिला तिच्या मायनं सांगितलं असतं का थोरल्या बाबानं सहावा हिस्सा चोरला. तू बसला असता गप, आन् मी मेल्यावरबी गावात चोर राहिलो असतो. हा मान ठेवून राहिला व्हय रे माझा?"

निर्मलेची सगळी तयार उत्तरं तिच्या तोंडातच राहिली. ज्या माणसावर तिनं सकाळपासून दात खाल्ले होते तो तिच्यासमोर अपमानित होऊन उभा होता, आणि त्याला खरोखरच काही ठाऊक नव्हतं. दुपारी तिनं त्यांना चोर ठरवलं तेव्हा नवऱ्यानं एक 'नाही' म्हणायला हवं होतं. एक शब्द. तोही त्यानं म्हटला नव्हता. भावापुढं बायकोची बाजू नाही, बायकोपुढं भावाची नाही. तिचा राग मग जागचा हलला आणि सरळ नवऱ्यापुढं जाऊन उभा राहिला.

तातेराव पुन्हा चौकटीपाशी बसले. बराच वेळ दोन लांब लाकडांमधल्या जागेवर आडवं बोट फिरवत राहिले.

"म्हंजे पन्हा कमी पडला म्हना," ते ग्यानबांना म्हणाले. "लुगड्याचा काठ तेवढाच लांब, पर पन्हा अखूड."

"तसंच," ग्यानबा म्हणाले.

उन्हं उतरायच्या आत सगळे पुन्हा रानात गेले. या खेपेस तातेरावांनी सटवाजीचा गुण्या मागून घेतला आणि दोरी रामकिशनच्या हातात दिली. मोज म्हणाले, आन् मोठ्यानं सांग, समद्यांला ऐकू जाईल असं. रामकिशन लांब बांधावर गुण्या टेकवून सरळ आडवी दोरी टाकत होता आणि आकडे सांगत होता. आधी पुटपुटत, मग भाऊ "काय?" म्हणून ओरडला की मोठ्यानं. सव्वाशेच्या जागी एकशेचार हात निघाले. एकवीस हात कमी, म्हणून दोन्ही तुकड्यांमधली खूण त्याच्या निम्म्यानं, साडेदहा हात वर सरकली. दोन्ही वाटे सारखे झाल्यावर तातेरावांनी कपाळावरचा घाम पुसला आणि भावाला म्हणाले, उचल.

रामकिशननं मान खाली घातली. "दादा, तुमीच..."

"पुन्यांदा म्हन," तातेराव म्हणाले, "आन् बघ."

त्यानं खालचा उचलला. आता तो उचलायला काही हरकत नव्हती.

घरी आल्यावर सटवाजी चौकटीला पाचरी मारत होता. निर्मलेनं गोदीला पाळण्यात टाकलं. रामकिशन मागं येऊन उभा राहिला आणि हळूच म्हणाला, झालं ना तुझ्या मनासारखं. तिनं मागं वळून बघितलं. तिच्या मनासारखं काय झालं होतं? जमीन मिळाली होती. ती मिळवायला एका सुनेला अंगणात ज्वारी सांडावी लागली होती, एका सरळ माणसाला चारचौघांत चोर होता होता वाचावं लागलं होतं. आणि ज्याच्या एका वाक्यानं हे सगळं सकाळीच मिटलं असतं तो तिला विचारत होता की मनासारखं झालं ना.

तिनं कोनाड्यातली वही काढली, इर्तिफा आणि उंची लिहिलेलं पान उघडलं आणि दौतटाकासकट त्याच्यापुढं ठेवलं. तिसरा रकाना कोरा होता.

"गावचा शब्द लिहा."

"तू लिही ना. ऐकलास की तू."

"दादांना विचारून या. त्यांच्या तोंडून ऐकून या आणि तुमच्या हातानं लिहा. आणि उद्या पोरांनी विचारलं की हा कुणी सांगितला, तर त्यांचं नाव सांगा."

त्यानं दौतटाक उचलला. मग वही घेऊन ओसरीकडं गेला. पलीकडून तातेरावांचा चिडका आवाज आला, मग पुन्हा तोच आवाज, या वेळी जरा सावकाश, काहीतरी समजावून सांगितल्यासारखा. रामकिशन परत आला तेव्हा रकान्यात 'पन्हा' लिहिलेलं होतं, अक्षर मास्तराचं, वळणदार.

तिनं शाई वाळेपर्यंत वही उघडी ठेवली. मग मिटून कोनाड्यात ठेवली आणि सांडलेल्यातली राहिलेली ज्वारी वेचायला अंगणात गेली. त्याच्याशी ती त्या दिवशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.