डब्यात पत्र ठेवू नये

पत्रपेटी म्हणायचं आणि आत पत्र ठेवायचं नाही, हा नियम ऐकून शिक्केवाल्याने फोन कानापासून दूर धरला आणि त्याच्याकडेच रागाने पाहिलं.

"का म्हणून?"

"नाव तसं आहे हो, बाकी खेळच," पलीकडून दातांचे डॉक्टर म्हणाले. टेकडीवर डबे लपवणाऱ्या आणि खुणांवरून ते हुडकणाऱ्या मंडळाचे ते चिटणीस. "आत एक वही, एक शिक्का, एक पेन्सिल. शोधणारा स्वतःचा शिक्का तुमच्या वहीत उठवतो, तुमचा स्वतःच्या वहीत उठवून नेतो. डबा जागच्या जागी. खायचं ठेवू नका, उंदीर येतात. शाईचं पॅड ठेवू नका, वाळतं."

हे सगळं लेकीने त्याला चार वर्षं सांगितलं होतं. तेव्हा तो "हं" म्हणत असे. दोन वर्षांपूर्वी दुकान आवरताना तिची जाडजूड वही त्याने रद्दीत घातली. तीनशे बारा डब्यांचे ठसे होते तीत. ती रडत आली तेव्हा हा म्हणाला, "त्यात काय एवढं, रबराचेच तर ठसे. शंभर करून देतो." लेक दुसऱ्या गावी गेली ती गेलीच. त्याचा फोन घेत नसे. आईशी बोलायची, आणि आई त्यातलं चाळून त्याच्यापर्यंत पोचवायची.

परवा बायकोने चाळून दिलेलं एवढंच होतं : रविवारी लेक टेकडीवर येणार, घरी येणार नाही, आणि सोमवारी तीन वर्षांसाठी परदेशी जाणार.

म्हणून हा डबा. मंडळाच्या यादीत टोपणनाव काय लावू, असं डॉक्टरांनी विचारल्यावर त्याने सांगितलं, "रद्दीवाला." लेकीला कळेल. कळल्यावर ती येईल की मुद्दाम टाळेल, हे मात्र त्याला कळेना.

शनिवारी दुपारी त्याने डबा भरायला घेतला. वही, पेन्सिल, टोकयंत्र, बुटांच्या खोक्यातली ओल शोषणारी पुडी, शाईचं पॅड, तिच्या लहानपणीची केसांची पिन आणि अकरा पानांचं पत्र.

"डबा आहे की बिऱ्हाड?" बायकोने विचारलं.

"झाकण लागतंय अजून."

"अहो, दोन वर्षं एक शब्द सुचला नाही, आणि आता अकरा पानं? तिला वाचायला लावून आणखी शिक्षा नका देऊ." तिने पत्र काढलं, पिन काढली. पॅडही काढलं, ते त्याने तिची पाठ वळताच परत घातलं. एवढ्या लांबून यायचं आणि पोरीला शाई नसावी, हे त्याच्या धंद्याला शोभलं नसतं.

आता जे म्हणायचं ते दीड इंच रबरात. शिक्के करायचं यंत्र बाजूला सारून त्याने जुनी कोरणी काढली. शब्द एकच : चुकलो. अक्षरं अशी सुबक आली की तोच खूश झाला.

रविवारी सकाळी टेकडीवर, तिसऱ्या बाकामागच्या दगडांत डबा ठेवताना त्याने रिवाजाप्रमाणे पहिला ठसा उठवला. पॅड दुकानातलं जुनं, ठसा फिकट आला. आणि उलटा.

शिक्का कोरायचा तो उलटा, म्हणजे उठतो सुलटा. तीस वर्षं उलटं कोरून ज्याची नजर वाकडी झाली, त्याने आयुष्यातला एकमेव महत्त्वाचा शब्द सरळ कोरला होता. तो खालीच बसला. वळणावर माणसांची चाहूल लागली, तसा दगड सारून तो निघाला. घरी येऊन जेवला नाही. "माफीसुद्धा उलटी मागितली," तो म्हणाला. बायको हसणार होती, पण त्याचं तोंड पाहून तिने ताट झाकलं.

पाच वाजता तो पुन्हा वर गेला. वहीत कासव होतं, पतंग होता, एक दाढ होती. दाढेखाली लिहिलेलं : शिक्का उलटा आहे, दुरुस्त करावा. लेकीचा शिक्का सुगरण पक्ष्याचा. तो नव्हता. त्याने पानं पुन्हा उलटली, मग वही झटकली, जणू पक्षी पानांत अडकून बसला असावा.

झटकताना वही मागून उघडली.

लेक अक्षरं शिकली ती दुकानातल्या शिक्क्यांवरून. पहिलीत असताना तिने अख्खं पान उजवीकडून डावीकडे उलटं लिहिलं होतं, आणि बाईंनी त्यालाच बोलावून झापलं होतं. शेवटच्या पानावर सुगरण होती. खाली पेन्सिलीने, उजवीकडून डावीकडे, उलट्या अक्षरांत दोन शब्द. त्याला आरसा लागला नाही.

पॅड वाळलंय.

त्याने पुन्हा पुन्हा वाचलं. क्षमा बिमा काही नव्हती. साधी तक्रार होती, घरच्या माणसाने करावी तशी.

बायकोचा फोन आला. "काही आहे का?"

"पॅड वाळलंय म्हणते."

"मी काढलं होतं ना ते?"

"मी परत घातलं."

"बरं केलंत," ती म्हणाली, आणि नाक ओढल्याचा आवाज आला.

त्याने पेन्सिलीला टोक केलं आणि खाली उजवीकडून डावीकडे लिहिलं : शाई आणतो. मग दगड होता तसा लावला. तीन वर्षं, म्हणजे बराच काळ. पण डबा जागच्या जागी ठेवायचा, हा नियमच होता.