तीन उतरवून एक

नंदानं तोंडात मिठाची गुळणी धरली होती, आणि यमुनाबाईंच्या मते ही निव्वळ मस्ती होती. नवऱ्यानं टाकलेली, आईच्या दुकानात आईच्या चहावर जगणारी तिशीतली बाई. तिनं 'हं' आणि 'नको' एवढ्यावर अख्खा हिवाळा काढावा? कार्डिफला भावजयीचं बाळंतपण उरकून आली तेव्हापासून हे असंच. गिऱ्हाइकांशी गोड, आईशी मुकी. जेवायची तीही ओट्यापाशी उभ्यानं, टांग्याच्या घोड्यासारखी.

इंग्लंडातल्या ब्रॅकनेलमध्ये यमुनाबाईंचं कपडे दुरुस्तीचं दुकान होतं. त्यांचे यजमान सुभेदार विष्णू पलटणीतून निवृत्त होऊन इथल्या कारखान्यात लागले, आणि त्र्याऐंशी साली गेले. त्यांचा एक फोटो शिलाई मशीनच्या वर टांगलेला. त्यात तरुण यमुनाबाई डोक्यावरचा पदर दातात धरून नवऱ्याच्या खांद्यावर बढतीचा तारा लावताहेत. पलटणीत तशी रीतच होती. तारा घरच्या बाईनं लावायचा. बाईंना अक्षरं सहीपुरती येत, पण खांदे वाचता येत. एक तारा म्हणजे मिसरूड फुटलेला सेकंड लेफ्टनंट. तीन म्हणजे कॅप्टन. माणसाच्या तोंडाकडं त्या नंतर बघत.

गावाबाहेरच्या हवाईदलाच्या कॉलेजात परदेशी अधिकारी शिकायला येत, त्यांतला एक होल्म. डेन्मार्कचा. नंदानं नकाशात देश दाखवला तर तो बाईंच्या अंगठ्याखाली झाकला गेला. एवढ्याशा मुलखाला सैन्य कशाला, दोन रखवालदार पुरेत, असं त्या म्हणाल्या होत्या. पण खांद्यावर तीन तारे होते. सुभेदारांनी उभा जन्म ज्यांना सलाम ठोकले, तसला कॅप्टन आपल्या दारात येतो, याचं त्यांना आतून बरं वाटे. येई तेव्हा कोटाचं एक बटण तुटलेलं. बटणं तुटतात की हा तोडतो, असं बाईंनी एकदा मराठीत विचारलं, तेव्हा नंदा मान खाली घालून हसली होती. नवरा टाकून गेल्यापासून पहिल्यांदाच. बाईंनी मग काही विचारलं नाही. मनातल्या मनात होकार देऊन टाकला.

नंदा कार्डिफला असताना तो परेडचा कोट घेऊन आला. तिन्ही तारे उतरवायचे होते. त्यांच्या जागी एकच लावायचा. तो तारा जरा थोराड होता, पण एकच. आणि माणूस हसत होता. भिंतीवरच्या फोटोकडं बोट दाखवून म्हणाला, नंदा आली की तिच्याच हातून लावून घेईन, असाच.

तीनाचा एक म्हणजे पद उतरवलं, हे बाईंनी तिथंच वाचलं. बेळगावला पलटणीच्या लाइनीत एका हवालदाराच्या फिती भर परेडला उतरवलेल्या त्यांनी पाहिल्या होत्या. त्याची बायको पुढं नळावर सगळ्यांचं पाणी भरून झाल्यावर यायची, घागर पदराखाली लपवून. काय केलं असेल या मेल्यानं? आणि वर हसतो. एकदा टाकलेल्या माझ्या पोरीच्या हातून आपली नामुष्की खांद्यावर टाकून घेणार.

त्यांनी कात्री उचलली, तिन्ही तारे उतरवले आणि तो एकटा तारा त्याच्यासमोर स्वतः लावला. मग होतं नव्हतं तेवढं इंग्रजी गोळा करून म्हणाल्या, "नंदा मॅरी. कार्डिफ. फिनिश."

त्यानं कोट घडी करून हातावर टाकला. मग वाकून अभिनंदन म्हणाला आणि गेला. पुन्हा आला नाही. परतल्यावर नंदानं एकदाच विचारलं, होल्म आला होता का. बाई म्हणाल्या, नाही. नंदाचा विश्वास बसला नाही; त्या दिवसापासून ती गुळणी.

नव्या वर्षी कॉलेजात दुसरा डेन्मार्कवाला आला. पँट आखूड करायला दुकानात शिरला, तर त्याच्याही खांद्यावर एकच थोराड तारा. यमुनाबाई नंदाला मराठीत म्हणाल्या, "यांच्याकडं बढती उलटी मिळते वाटतं. आणखी एक उतरवलेला."

नंदानं त्याला काहीतरी विचारलं. तो मोकळेपणानं बोलत राहिला, आपला खांदा दाखवून, बोटांनी तीन करून, मग एक करून. शेवटी त्यानं हात पुढं केला आणि मेजर होल्मचा निरोप सांगितला: लग्नाच्या शुभेच्छा. होल्मचंही आता ठरलंय, उन्हाळ्यात.

नंदानं हात मिळवला, थँक यू म्हटलं, पँटची पावती फाडून दिली. दार बंद झाल्यावर ती वळली.

"तीन छोटे म्हणजे कॅप्टन, आई. एक मोठा म्हणजे मेजर. प्रमोशन होतं ते त्याचं." मग म्हणाली, "तू त्याला सांगितलंस माझं लग्न आहे म्हणून?"

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बाईंना उत्तर देणं सोपं गेलं असतं. त्यांनी फोटोकडं पाहिलं, कात्री उघडली, मिटली. फोटोतली ती पदर दातात धरलेली बाई तर पलटणीत भांडणाला प्रसिद्ध होती. नंदा तिथंच उभी होती, नवऱ्यानं बॅग भरली त्या दिवशी उभी होती तशी, हात मशीनवर टेकून.

"सांगितलं," यमुनाबाई म्हणाल्या. "खोटं बोलले, त्याचं काय ते मी वर सुभेदारांपुढं भोगीन. पण कॉलेज इथून बसनं दोन थांबे आहे, नंदा. तू एकदा गेली नाहीस. एक फोन केला नाहीस. पहिला गेला तेव्हा उभ्यानं बघत राहिलीस, आणि हा गेला तेव्हा नुसती माझ्यावर रुसलीस. तुझ्यासाठी भांडायला तूच उठत नाहीस. मग एक तारा असो नाहीतर तीन, तुझ्या हाती तो यायचा कसा?"