साडूकडची मूळ प्रत

देवानं माझ्या पदरात दोन मुली घातल्या, त्याबद्दल माझी तक्रार नाही. त्या मुलींनी माझ्या पदरात दोन जावई घातले, त्याबद्दल आहे.

थोरला माझ्याच घरात राहतो. त्याचे हात सोन्याचे आहेत, असं तोच सांगतो. त्या सोन्याच्या हातांनी मिक्सर उघडला. आता तो झाकणाशिवाय फिरतो आणि झाकण लावलं की रुसतो. मिक्सर संपल्यावर नातीचं गेम खेळायचं यंत्र हातात घेतलं.

यंत्र पोरीचं. कॉलेजच्या सुट्टीत लहान मुलांच्या शिकवण्या घेऊन तिनं ते स्वतः घेतलं होतं. बापानं "जरा बघतो" म्हणून नेलं आणि त्याच्या पोटात चोरवाट पाडली. कडेच्या खाचेत बोटाच्या पेराएवढा प्लॅस्टिकचा तुकडा सरकवायचा, की ते यंत्र बनवणाऱ्याला न जुमानता हवं ते करू लागतं. फुकटचे गेम, न संपणारं सोनं, न मरणारा राजा. तो तुकडा हा माणूस किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवून मिरवायचा.

"आई, माझं राज्य बघा," म्हणायचा.

"जावईबापू, राजा मरतच नसेल तर त्याला तलवार कशाला? एक खुर्ची द्या, बसू दे."

तेव्हा मी हसण्यावारी नेलं. मग नात कॉलेजच्या गेम खेळणाऱ्या संघात निवडली गेली. किती दिवस राखीव म्हणून बाकावर बसली होती पोर! रविवारी पहिला सामना. प्रत्येकीनं आपापल्या घरून ऑनलाइन खेळायचं. यंत्राचा नंबर संघानं आधीच कळवलेला, त्यामुळे दुसरीचं मागून आणायची सोय नाही. आणि नियम असा की छेडछाड केलेलं यंत्र ऑनलाइन सापडलं, की त्याला कायमचा दरवाजा बंद. यंत्रालाही आणि खेळणारीलाही.

"बाबा, होतं तसं करून दे," ती म्हणाली.

"हात्तिच्या! चोरवाट पाडायच्या आधी मी पूर्ण आतल्या भागाची कॉपी काढलीय. मूळ प्रत. ती परत भरली की यंत्र दुकानातून आणल्यासारखं."

शनिवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून बसला. मी समोर शेंगा सोलत होते. 'मूळ' नावाची फाइल उघडली आणि याचं तोंड उतरलं. मूळ कसलं? आत तोच न मरणारा राजा पाय पसरून बसलेला! नवं काही टाकलं, की हा नवी कॉपी काढायचा आणि तेच नाव देऊन जुनीच्या जागी ठेवायचा.

"जागा वाचते," तो म्हणाला.

"डोक्यातली तर आधीच रिकामी होती," मी म्हणाले.

"असू दे, वरवरचं पुसून टाकू. कोणाला कळतंय?"

"बाबा, ते वरवरचं बघत नाहीत. यंत्रानं काय काय केलं त्याच्या खुणा आत राहतात."

"मांजरानं मिशा पुसल्या म्हणून लोण्याचं भांडं भरत नाही," मी म्हणाले. "पोरीचं नाव कायमचं काळं करताय का?"

नात रडली नाही. माझ्यावर गेलीय. तिनं एवढंच विचारलं, "सगळ्यात पहिली कॉपी कोणाला दिली होतीस का?"

जावई छताकडे बघू लागला. पुरुष छताकडे बघायला लागला की उत्तर मिळालं समजावं.

दिली होती, धाकट्या जावयाला. त्याच्याकडेही तसलंच यंत्र, पण सारखं अडकायचं. ह्या दानशूर कर्णानं आपल्या यंत्राची ती पहिली कॉपी एका कार्डावर घालून साडूला दिली. म्हणे, ही भर, माझ्यासारखंच चालेल. त्यानं भरली आणि त्याचं यंत्र जे काळं पडलं ते आजवर उजेडात आलेलं नाही. वर माझ्याच घरी, सगळ्या गोतावळ्यासमोर, थोरल्यानं त्यालाच मूर्ख ठरवलं. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. माझ्या मुली बिचाऱ्या फोनवर चोरासारख्या बोलतात.

"आजी, ती कॉपी काकांकडे चालणारच नव्हती," नात म्हणाली. "ज्या यंत्राची, त्यालाच ती लागते."

"म्हणजे मी माझी कवळी शेजारणीला दिल्यासारखं?"

"तस्संच."

"आणि तिला चावता येईना म्हणून तिलाच अडाणी म्हटल्यासारखं?"

नात बापाकडे बघत राहिली.

"तूच काकांना फोन कर ना," तो तिला म्हणाला.

"जावईबापू," मी उठले, "चप्पल घाला."

धाकटा दोन गल्ल्या सोडून राहतो. हे दुसरं रत्न. याला काही येत नाही, आणि दुसऱ्याचं काही विसरता येत नाही. ते मेलेलं यंत्र त्यानं दिवाणखान्यात काचेच्या कपाटात मांडलंय. येईल त्या पाहुण्याला दाखवतो, हे आमच्या साडूंनी मारलं. शेजारी डबीत ते कॉपीचं कार्ड, पुरावा म्हणून जपलेलं. माणसाचा आकस कधी कधी कपाटापेक्षा बरा सांभाळ करतो.

"ते कार्ड जरा..." थोरला म्हणाला.

"त्या दिवशी मला काय म्हणालात?"

"जाऊ दे ना आता."

"नाही, काय म्हणालात?"

"दीडशहाणा."

"आणि?"

"बिनडोक."

"आणि?"

"एवढंच."

"नाही. याच्या हातात टॉर्चसुद्धा देऊ नये, असं म्हणालात."

आत स्वयंपाकघरात माझी धाकटी फिस्सकन हसली. थोरल्याचे कान लाल झाले. वाटलं, आता हा पाय आपटत निघणार आणि पोरीचा सामना बुडवणार. पण त्यानं नातीकडे बघितलं. ती दारातच उभी होती, यंत्र दोन्ही हातांनी छातीशी धरून.

"चूक माझी होती," तो म्हणाला. मोठ्यानं, शेजारच्यांना ऐकू जाईल असं. "कॉपी माझ्या यंत्राची होती, तुझ्यात चालणारच नव्हती. मला माहीत नव्हतं. मला वाटत होतं, मला माहीत आहे."

धाकट्यानं इतके दिवस भांडणाची तालीम केलेली. आता सगळे डायलॉग वाया गेले.

"ऐकलंत ना? मग कपाट उघडा," मी म्हणाले. "का हार घालून घ्यायचाय?"

तिथल्याच टेबलावर काम झालं. थोरल्यानं तो तुकडा खाचेत सरकवला, कार्डावरची कॉपी जोडली.

"माझं राज्य जाईल," तो म्हणाला.

"जाईल," नात म्हणाली.

बटण त्यानंच दाबलं. पडद्यावरची पट्टी मुंगीच्या पावलानं भरत गेली. दोन्ही जावई तिच्याकडे असे बघत होते, जणू बघण्यानंच ती पुढे सरकतेय. भरून झाल्यावर नातीनं तुकडा खाचेतून काढला, यंत्रातलं फुकटच्या गेमचं कार्डही पुसलं, यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं. राजा नाही, सोनं नाही. तिनं पहिल्या दिवशी लावलेलं पिवळ्या मांजराचं चित्र तेवढं आलं. मग तिनं ऑनलाइनचं बटण दाबलं. पडद्यावर चक्र फिरत राहिलं. मला गुडघ्यांचा त्रास आहे, तरी मी बसले नाही.

चक्र थांबलं, ऑनलाइनचं दार उघडलं. संघाच्या कप्तान मुलीचा निरोपही लगेच चमकला: आलीस का गं एकदाची?

निघताना थोरल्यानं जुडग्यातून तो तुकडा सोडवला आणि काचेच्या कपाटात, मेलेल्या यंत्राशेजारी ठेवला. मी तोंड उघडलं असतं तर चांगलं काहीतरी निघालं असतं, आणि मग तो वर्षभर ऐकवत बसला असता.

रविवारी नातीचा संघ हरला. तिचा शिपाई मेला, उठला, पुन्हा मेला. शेवटी तिनं एकटीनं समोरच्या दोघांना असं काही लोळवलं, की मी शेंगांचं ताट सांडलं. जावई तिच्या खुर्चीमागे उभा राहून नखं खात होता. आपल्या राजासाठी त्यानं कधी एक नख खाल्लं नव्हतं.