खोक्यातली अकरा वर्षं

मी एक जुना बूट आहे. डावा. उजवा माझ्या शेजारीच असतो, पण तो अबोल. त्यामुळे मित्रांनो, आमची कहाणी सांगायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

एका कारागिराने आम्हाला जाड चामड्यातून कापलं, लाकडी साच्यावर ताणलं, दुहेरी टाके घातले आणि खाली रबराचा सोल चिकटवला. हे डोंगर चढायचे बूट, असं तो शेजाऱ्याला म्हणाला. तेव्हापासून आमची मान ताठ.

एका घड्याळजीने आम्हाला आपल्या बायकोसाठी विकत घेतलं. ती कपडे शिवायची. सगळे तिला टेलरबाई म्हणत. स्वतःसाठीही त्याने तसाच जोड घेतला. त्याच्या दुकानातल्या भिंतीवर जुन्या कॅलेंडरचं एक चित्र होतं: बर्फाचे डोंगर आणि पायथ्याला जांभळ्या फुलांनी भरलेलं कुरण. त्या दूरच्या देशात वसंतात जायचं, वरच्या वाटांवर थोडा बर्फ उरलेला असताना, हे त्याच्या मनाने घेतलं होतं. कुठली गाडी, कुठली वाट, फुलं कोणत्या आठवड्यात, सगळं त्याने एका वहीत लिहून काढलं. पण त्याच हिवाळ्यात तो आजारी पडला, आणि वसंत बघायला राहिला नाही.

बाईंनी दोन्ही खोकी कपाटावर ठेवली. दरवर्षी आम्हाला खाली काढायच्या, पुसायच्या, डांबराच्या गोळ्या बदलायच्या. आल्यागेल्याला दाखवायच्या, की बघा, अजून कोरे करकरीत आहेत. कौतुक ऐकून सुरुवातीला आम्ही फुगायचो. पुढे पुढे मला रागच यायला लागला. अकरा वर्षांत आमच्या तळाला माती म्हणून लागली नव्हती.

यंदा थंडी सरत असताना बाईंनी मशीन थांबवलं आणि मुलीला सांगितलं, मे महिन्यात आपण जातोय. मुलगी इस्पितळात परिचारिका, तेव्हा आईच्या दुखऱ्या गुडघ्यांच्या बाबतीत घरात तिचाच शब्द शेवटचा. चणे आहेत तर आता दात नाहीत, असं म्हणून ती हसली. जाऊ, म्हणाली, पण तू हॉटेलात बसायचंस आणि डोंगर खिडकीतून बघायचे.

"खिडकीतूनच बघायचे," बाई म्हणाल्या, "तर कॅलेंडर काय वाईट होतं?"

शेवटी करार झाला. गावाबाहेर पाण्याच्या टाकीची टेकडी आहे, तीनशे बारा पायऱ्यांची. तिकिटं काढण्याआधीच्या रविवारी बाईंनी ती कुठेही न बसता चढून दाखवायची. चढल्या तर कुरणापर्यंत सोबत, नाहीतर खिडकी. बाई दुसऱ्याच दिवशी सरावाला लागल्या. पहिल्या सकाळी चाळिसाव्या पायरीवर बसकण मारली. आठवड्याने नव्वद झाल्या, मग दीडशे. गुडघ्याला पट्टी, तोंडाने आकडे. हे सगळं जुन्या कापडी बुटांत चाललं होतं बरं का. आम्हाला मोठ्या दिवसासाठी राखून ठेवलं होतं.

रविवारी आम्ही एकदाचे बाहेर आलो. शंभर पायऱ्या मी दिमाखात चढलो. दोनशेच्या पुढे मात्र माझ्या पोटात कुठेतरी करकरलं, सोल पुढून उकलला आणि मी सगळ्यांदेखत आ वासला. मित्रांनो, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या कामासाठी जन्म, त्याच्या पहिल्याच दिवशी मी दगा दिला होता.

"आई, पुरे झालं. बस इथे," मुलगी म्हणाली.

"बस म्हणू नकोस. बसले की संपलं."

बाईंनी कठड्याला हात टेकला आणि मला खालच्या दांडीवर ठेवलं. गळ्यातली मापाची टेप काढायला त्या नेहमीसारख्याच विसरल्या होत्या. तीच त्यांनी माझ्याभोवती तीनदा गुंडाळली आणि घट्ट गाठ मारली. मुलीने पुढे केलेला हात त्यांनी घेतला नाही. तीनशे बारावी पायरी चढून त्या टाकीच्या ओट्याशी आल्या, आणि मगच म्हणाल्या, "आता बसते."

मोच्याने आम्हाला उलटसुलट करून पाहिलं. चामडं अजून मजबूत होतं. "रबर असं पडून पडून मरतं," तो म्हणाला. "रोज घातले असते तर झिजले असते, पण असं फसवलं नसतं."

आम्हाला त्याच्याकडे ठेवायच्या आधी बाईंनी टेप सोडवून घेतली. पुढचं मला नंतर कळलं. त्या संध्याकाळी त्यांनी नवऱ्याची वही काढली. फुलांबद्दलची पानं त्यांना तोंडपाठ होती. पण कधी न उघडलेल्या शेवटच्या पानावर लिहिलं होतं: बूट दोघांनी आधी महिनाभर रोज घालावेत. बाई हसल्या आणि हसता हसता रडल्या. मुलीने स्टूल ओढलं आणि कपाटावरून दुसरं खोकं खाली काढलं. मोज्यांचे दोन जोड चढवल्यावर वडिलांचे बूट तिला बरोबर बसले. दुसऱ्या दिवशी तेही सोल बदलायला आमच्या शेजारी येऊन बसले.

आता तिकिटं आली आहेत. जायला तीन आठवडे आहेत, आणि बाई भाजी आणायलाही आम्हालाच घालून जातात. मित्रांनो, आम्हाला पुसा, पॉलिश करा, चिखल लागला तर खरवडून काढा. पण जीव लावायचा म्हणून खोक्यात घालू नका. आमचा मोठा दिवस रोजचाच असतो.

दाराशी आता आम्ही चौघे रांगेत असतो. काल रात्री उजवा पहिल्यांदा बोलला. त्याने विचारलं, "उद्या किती पायऱ्या?"